अळवावरचे पाणी आणि गाडीवरचा रंग



नवरात्र तोंडावर आले आहे. हळवी भाते कापणीला आली, पाऊस परतीच्या वाटेवर आहे, आणि घरोघरी खंडेनवमीची तयारी सुरू झाली आहे. पूर्वी या दिवशी कोयता, विळा, पहार, नांगराचा फाळ एवढीच हत्यारे पूजेला मांडत. आता त्यांच्या रांगेत पॉवर टिलर, गवत कापायचे यंत्र, फवारणीचा पंप, दुचाकी आणि अंगणात उभी असलेली पिकअपसुद्धा असते. पूजेआधी सर्वांना आंघोळ. वर्षभरात गाडीच्या रंगाचे जेवढे नुकसान होत नाही, तेवढे कधी कधी या एका आंघोळीत होते. म्हणून आज फवारणी आणि खते बाजूला ठेवून गाडी धुण्यावर लिहितो.

तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाला गाडी धुण्याशी काय कर्तव्य? पण आजची पिकअप हे एक औतच आहे. ती आंब्याच्या पेट्या बाजारात नेते, खत आणते, रात्री अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात पोचवते. बहुतेक ठिकाणी तिच्यावर बँकेचे कर्ज असते. पुढे-मागे विकायची वेळ आली तर घेणारा माणूस आधी रंग आणि गंज बघतो, मग इंजिन सुरू करायला सांगतो. बैलाची कातडी नीट राखावी तसा गाडीचा रंगही राखावा लागतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवर खंडेनवमीच्या दिवशी दुपारी मला जावे लागले. काम होते भातावरील करप्याचे, पण अंगणात शिरलो तर घरात कोणी कोणाशी बोलत नव्हते. नवीकोरी निळी पिकअप दारात उभी, हप्ते नुकतेच सुरू झालेले. तिच्या बॉनेटवर आणि दोन्ही दारांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे. नातू न जेवता पडवीत बसलेला. आजी चुलीपाशी डोळ्यांना पदर लावून. प्रकार असा झाला होता की पहाटे सर्वांच्या आधी उठून आजीने गाडी धुतली होती. कशाने? नारळाच्या सोडणाने आणि चुलीतल्या राखेने.

मला पाहून आजी म्हणाली, "साहेब, देवाची भांडी मी पन्नास वर्षं अशीच घासते. आरशासारखी होतात. गाडी पण लक्ष्मीच ना? म्हणून तशीच घासली."

तिचे काय चुकले? पितळेला घासले तर खाली पितळच निघते, म्हणून ते उजळते. गाडीच्या रंगाला घासले तर खाली पत्रा निघतो. एवढा एकच फरक, पण तो तिला कोणी सांगितला नव्हता. गाडी घरी आली तेव्हा चावी कशी फिरवायची ते सर्वांनी शिकून घेतले, धुवायची कशी ते कोणी विचारले नाही. मी नातवाला तेवढेच सांगितले आणि आधी आजीच्या पुढ्यात बसून जेवायला लावले. मग संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून ती गाडी परत धुतली. खोल ओरखडे गेले नाहीत. पण पुढचे ओरखडे पडू नयेत म्हणून काय करावे ते त्या दिवशी जे सांगितले, तेच खाली देतो.

ओरखडा कशाने पडतो?

आजकालच्या बहुतेक गाड्यांवर रंगाचे थर असतात. पत्र्याला लागून गंजरोधक अस्तर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक थर. सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढी भरते. वरचा पारदर्शक थर तर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची चकाकी त्या थराची असते. तो खरवडला की उन्हात गोल गोल जाळी दिसू लागते.

आता आपली माती पाहा. रत्नागिरी जिल्ह्यात जांभा सर्वत्र. मलबारातल्या याच जातीच्या दगडाला १८०७ साली फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने 'लॅटेराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत त्या शब्दाचे मूळ 'वीट' असे आहे, कारण आपल्याप्रमाणे तिकडेही त्याचे चिरे काढून घरे बांधत. या जांभ्यात लोखंडाची संयुगे भरपूर असतात आणि त्यांचे कण गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण असतात. किनाऱ्याकडे दुसरी अडचण. काळबादेवी, नेवरे, मालगुंड या भागातील काळसर वाळूत इल्मेनाइट नावाचे खनिज आहे. गंमत अशी की पांढऱ्या रंगातली पांढरी भुकटी ज्या खनिजांपासून बनते त्यांतले हे एक. पण तेच वाळूच्या रूपात फडक्याला चिकटले तर पांढऱ्या गाडीवरही रेघ ओढते.

तेव्हा लक्षात ठेवायचे ते हे की पाणी किंवा साबण ओरखडा पाडत नाही. फडके आणि रंग यांच्यामध्ये सापडलेला मातीचा कण ओरखडा पाडतो. धुण्याची सारी रीत तो कण मध्ये सापडू नये यासाठीच आहे.

यावरून एक वाईट सवय सांगतो. ती मला स्वतःला होती. नोकरीच्या सुरुवातीला मी एक मोटारसायकल घेतली आणि रोज सकाळी कोरड्या फडक्याने ती मोठ्या हौसेने पुसत असे. टाकीवर रात्रीची लाल धूळ, वर थोडे दहिवर, आणि माझे फडके. दोन वर्षांत टाकी अशी मंद झाली की शेजारची न पुसलेली गाडी माझ्या गाडीपेक्षा बरी दिसे. धुळीच्या गाडीला कोरडे फडके कधी लावू नका. वेळ नसेल तर धूळ तशीच राहू द्या. नुसती बसलेली धूळ रंग खरवडत नाही.

धुण्याची रीत

सामान थोडेच लागते. दोन बादल्या, एक झारी, तीन-चार मऊ फडकी, एक जुनी प्लॅस्टिकची रोवळी आणि गाडीसाठी मिळणारा सौम्य शाम्पू. बाटलीवर जेवढे प्रमाण लिहिले असेल तेवढेच घ्यावे. औषधाचे प्रमाण वाढवून कीड जास्त मरत नाही, तसाच हा प्रकार आहे.

फडकी मायक्रोफायबरची असली तर उत्तम, कारण त्यांच्या लव्यात कण आत शिरून बसतो. नसतील तर जुन्या धोतराची किंवा सुती बनियनची चालतील, मात्र बटणे, काठ आणि जाड शिवण कापून टाकावी. गोणपाट, काथ्या, सोडण, भांड्याची घासणी आणि राख यांना गाडीजवळ येऊ देऊ नये. धुण्याची पावडर आणि धुण्याचा सोडाही नको. ते रंगावरचे मेण काढून टाकतात. रॉकेलने पुसण्याची चाल अजून कुठे कुठे आहे. त्यानेही मेण जाते आणि रबर खराब होते.

आता क्रम पाहा.

१. गाडी सावलीत उभी करा आणि पत्रा गार होऊ द्या. ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवर साबण जागच्या जागी सुकतो आणि डाग पडतात. सकाळची वेळ चांगली.

२. आधी नुसत्या पाण्याने चिखल भिजवा. हात लावू नका. झारीने वरून खाली पाणी सोडा, पाच-दहा मिनिटे थांबा, परत सोडा. भिजलेला लाल चिखल आपोआप सुटतो. तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेला पंप मात्र या कामाला वापरू नका. त्यातला अंश तुमच्याच अंगावर उडेल.

३. चाके आणि चिखलरोधकांच्या आतली बाजू आधी, वेगळ्या फडक्याने धुवा. ते फडके पुन्हा रंगाला लावू नका. कुठले फडके कुठले ते कळावे म्हणून त्याच्या कोपऱ्याला गाठ मारून ठेवा.

४. एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. साध्या पाण्याच्या बादलीत तळाला रोवळी पालथी घाला. फडके शाम्पूत बुडवून एक भाग धुवा, मग साध्या पाण्यात रोवळीवर हलकेच चोळून पिळा, मग परत शाम्पूत. निघालेली माती रोवळीखाली बसते आणि फडक्याबरोबर वर येत नाही. तांदळातले खडे काढणाऱ्या बायकांना हे समजावून सांगावे लागत नाही. त्या दिवशी आजीला रोवळीची युक्ती पहिल्या फटक्यात पटली.

५. धुताना टप, काच, बॉनेट, दारे आणि शेवटी खालचा भाग असे उतरत या. खालच्या भागात माती सर्वांत जास्त असते, ती वर नेऊ नका. हात सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नको. दाबही नको. फडके हातातून जमिनीवर पडले तर ते बाजूला टाकून दुसरे घ्या. येथे आळस केला तर बाकी सारे फुकट जाते.

६. शेवटी स्वच्छ पाणी सोडा आणि सुके मऊ फडके अंथरून पाणी टिपून घ्या. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी मचूळ असते, ते गाडीवर सुकले तर पांढरे ठिपके राहतात. तिथे शेवटची अर्धी बादली तरी गोड्या पाण्याची वापरावी.

पाण्याचा हिशेब पाहा. पंधरा लिटरच्या सहा बादल्यांत, म्हणजे ९० लिटरमध्ये पिकअप स्वच्छ होते. दुचाकीला तीन बादल्या पुरतात. नळीतून मिनिटाला १० लिटर पाणी येत असेल तर २० मिनिटांत २०० लिटर वाहून जाते. आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांत बायका हंडा घेऊन टँकरची वाट पाहतात. हे ज्या घरात सोसले आहे तिथे याहून जास्त सांगायला नको. आणि गाडी पऱ्यात किंवा नदीत घालून धुणे बंद करा. तेल, ग्रीस आणि साबण खालच्या वाडीच्या पिण्याच्या पाण्यात जाते. विहिरीपासून दूर, निचऱ्याच्या जागी धुवा.

मेणाचे काम

पावसात अळूच्या पानावर पाणी कसे मोत्यासारखे फिरते आणि पान कोरडेच राहते ते आपण लहानपणापासून पाहतो. अळवावरचे पाणी म्हणतात ते हेच. ती करामत पानावरच्या मेणाच्या सूक्ष्म आवरणाची. हापूसच्या सालीवरही असाच मेणाचा लव असतो, म्हणून फळ फार हाताळू नका असे आम्ही सांगतो. गाडीला लावायच्या चांगल्या मेणात कार्नाउबा नावाचे मेण असते. तेही ब्राझीलमधील एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचेच. उन्हाळ्यात पानातले पाणी उडू नये म्हणून झाडाने स्वतःला केलेली ती व्यवस्था. माणसाने ती उचलून गाडीला लावली.

बाजारात दोन डबे शेजारी शेजारी असतात आणि दोन्हींना लोक 'पॉलिश' म्हणतात. त्यातला फरक नीट विचारून घ्या. रबिंग कंपाउंड किंवा घासायचे पॉलिश ओरखडे काढते खरे, पण कसे? आजूबाजूचा रंग तासून. दर वेळी तो पातळ थर आणखी पातळ होतो. ते वारंवार वापरायचे नाही. वॅक्स म्हणजे मेण काही तासत नाही, वर पांघरूण घालते. ते ओरखडा बुजवत नाही, पण ऊन, खारे पाणी आणि चीक यांना थेट रंगाशी भिडू देत नाही.

लावण्याची रीत सोपी. गाडी धुतलेली, पूर्ण सुकलेली आणि गार असावी. मऊ फडक्यावर बोटाच्या पेराएवढे मेण घेऊन अर्ध्या दाराएवढ्या भागावर अगदी पातळ पसरा. डब्यावर लिहिला असेल तेवढा वेळ थांबा. मेण धुरकट दिसू लागले आणि बोट ओढल्यावर खालचा रंग स्वच्छ दिसला की दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. जाड थर दिल्याने फायदा होत नाही, पुसताना हात मात्र भरून येतात. काळ्या प्लॅस्टिकला मेण लावू नका, पांढरे डाग पडतात. मंद, चकाकी नसलेल्या रंगाच्या गाडीलाही लावू नका. नवा रंग मारलेल्या भागाला किमान महिनाभर थांबा आणि रंगाऱ्याला विचारून मग लावा. घरची मेणबत्ती रॉकेलमध्ये वितळवून लावण्याचे प्रयोग करू नका. त्यात आगीचे भय आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. ब्रेकची चकती, टायर, दुचाकीची सीट आणि पाय ठेवायची जागा यांना मेण किंवा तेल कधीही लावायचे नाही. चकाकीच्या हौसेपायी ब्रेक लागला नाही तर घाटात काय होईल ते सांगायला नको. धुतल्यानंतरही गाडी थोडी पुढे-मागे चालवून ब्रेक दोन-तीनदा दाबून पाहा, मगच रस्त्यावर काढा.

आपल्या हवेत वर्षातून तीनदा मेण लावावे. एकदा मे अखेर पावसाआधी, एकदा आता दसऱ्याला, आणि एकदा आंब्याचा हंगाम सुरू होण्याआधी. मेण आहे की गेले हे कसे ओळखावे? ओंजळभर पाणी टाका. अळवावरच्यासारखे थेंब उभे राहिले तर आहे. पाणी पसरून पडले तर गेले.

चीक, विष्ठा आणि मोरचूद

गाडी सावलीला म्हणून आंब्याखाली उभी करतो. देठाचा चीक फळावर पडला तर साल भाजते आणि फळाचा भाव उतरतो, हे बागायतदाराला ठाऊक आहे. गाडीच्या रंगालाही तो सोसत नाही. पाखरांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेचेही तेच. नखाने खरवडू नका. ओले फडके त्यावर दहा मिनिटे ठेवा, मऊ झाले की हलकेच उचलून घ्या, आणि हे त्याच दिवशी करा. काजूबिया भरलेल्या पोत्यांखाली जुनी ताडपत्री घाला, टरफलाचे तेल डाग पाडते.

सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारताना गाडी लांब उभी करा. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नये असे आपण का सांगतो? लोखंड झिजते आणि तांबे त्यावर बसते. गाडीवर जिथे ओरखडा पत्र्यापर्यंत गेला आहे तिथेही हाच प्रकार होऊ शकतो. शिंतोडे पडले तर लगेच पाण्याने धुऊन टाका.

खारी हवा आणि गंज

किनाऱ्याची हवा खारी. मिठाच्या पाण्यात गंज लवकर चढतो. वाळूत गाडी घातली असेल किंवा मासळी वाहिली असेल तर त्याच दिवशी खालच्या बाजूला आणि हौद्यात गोडे पाणी मारा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजली की पावसाचे पाणी दाराच्या आत साठते आणि गंज आतून बाहेर येतो. नारळाच्या हिराने ती हलकेच मोकळी करा. जळके तेल गाडीच्या पोटाला फासण्याची पद्धत सोडा. रबर फुगते, धूळ चिकटते आणि तेल ठिबकून जमिनीत मुरते.

पत्रा दिसेल एवढा ओरखडा पडला तर वाट पाहू नका. बारीक पॉलिश पेपरने तेवढाच गंज काढून, अस्तर आणि रंगाचा ठिपका द्या. पावसात गाडीवर ताडपत्री टाकून दोरीने बांधणारे पुष्कळ. ती वाऱ्याने फडफडून धुळीसकट घासते आणि आत ओल कोंडते. त्यापेक्षा चार खांबांवर पत्र्याचे छप्पर घाला.

पूजेच्या दिवशी

हळदीकुंकू लावायचे तर काचेवर किंवा नंबरप्लेटच्या कडेला लावा, रंगावर डाग राहतो. झेंडूची माळ तारेने नव्हे, दोऱ्याने बांधा. लिंबू-मिरचीच्या तारेचे टोक वळवून ठेवा, नाहीतर गाडी चालताना ते वर्षभर एकाच जागी ओरखडा काढत बसते. नारळ गाडीवर नव्हे, समोर दगडावर फोडा.

त्या वाडीवर गेल्या वर्षी पुन्हा गेलो होतो. पडवीच्या खुंटीला एक वेगळी पिशवी अडकवलेली होती. आत धुतलेली चार फडकी आणि ती रोवळी. आजी म्हणाली, "ती गाडीची. पोरं भांड्यांना लावतात म्हणून वर ठेवली." बॉनेटवरचे जुने ओरखडे तसेच होते. नवा एकही दिसला नाही. नातू तिच्याशी पूर्वीसारखा बोलत होता आणि मला त्याचे जास्त बरे वाटले.

तेव्हा या खंडेनवमीला घरातली सर्व माणसे, विशेषतः जी गाडी चालवत नाहीत ती, एकत्र बसवून हे वाचून दाखवा. गाडी धुण्याचे काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येते.

पुढच्या आठवड्यात साठवणीतल्या भाताला लागणारे सोंडे आणि पतंग यांविषयी पाहू. तोवर झोडणीआधी कणग्या उन्हात टाकून ठेवा. सर्वांना दसऱ्याच्या शुभेच्छा.